किल्ल्याचे दगड आलेत, भूमिती राहिलीय

पत्र थोडक्यात: मी कोथरूडला राहते, दहावीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. सहामाहीचे तीन पेपर उरलेत. सोमवारी भूमिती, बुधवारी विज्ञान भाग २ आणि शुक्रवारी इतिहास-राज्यशास्त्र. शनिवारपासून दिवाळीची सुट्टी. सोसायटीत किल्ल्याचे दगड-विटा रचून झालेत, मातीचं पोतं येऊन पडलंय. घरी चकलीची भाजणी दळून आलीय. भाऊबीज झाली की सगळे गुहागरला जाणार, बुकिंगही झालंय. मी रोज संध्याकाळी तीन-तीन तास पुस्तक घेऊन बसते, पण पान पुढे सरकत नाही. आधीचे पेपर बरे गेले होते. आई म्हणते मोबाईलमुळे होतंय, बाबा म्हणतात जिद्दच नाही. मला वाटतं, आत्ता कसंतरी उरकावं आणि दिवाळीनंतर जोमानं लागावं. नाहीतरी सहामाहीचे गुण बोर्डात धरत नाहीत. माझं चुकतंय का?

---

तुझं बोर्डाच्या गुणांबद्दलचं वाक्य आधी घेऊ, कारण ते खरं आहे. सहामाहीचे गुण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर येत नाहीत. येतात असं सांगून तुला घाबरवणारं कुणी भेटलं तर ऐकू नकोस. पण मग या परीक्षेचा उपयोग काय? वर्षभरात पूर्ण वेळ लावून, वर्गात बसून, दुसऱ्या कुणाकडून तपासून मिळणारे पेपर दोनदाच येतात, सहामाहीला आणि पूर्वपरीक्षेला. त्यातल्या पहिल्यात तुझे गुण नेमके कुठे गळतात ते कळतं आणि दुरुस्तीला हातात वेळ असतो. कसंतरी उरकलेला पेपर काहीच सांगत नाही. चूक येत नव्हतं म्हणून झाली की वाचलंच नव्हतं म्हणून, हे तुला नाही कळणार आणि बाईंनाही नाही.

आता ‘दिवाळीनंतर जोमानं’. हा जोम कुठल्या आठवड्यात बसवणार आहेस? २०२५ साली दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, २०२६ ला २० फेब्रुवारीला. पूर्वीसारखा मार्च हातात राहत नाही. बहुतेक शाळा पूर्वपरीक्षा जानेवारीत घेतात, त्याआधी डिसेंबरात स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा असतात. नोव्हेंबरात तुला नवा भाग शिकायचा असेल. त्यात आजची चार प्रकरणं भूमितीची आणि पाच विज्ञानाची मागून येऊन बसली, तर ती ‘उजळणी’ नसेल, पहिल्यापासून शिकणं असेल. आज ज्याला एक तास लागतो त्याला तेव्हा तीन लागतील.

बाबांच्या ‘जिद्द नाही’बद्दल. आधीचे पेपर बरे गेले म्हणजे जिद्द होती, ती आठवड्यात संपत नाही. आईच्या ‘मोबाईलमुळे’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे येते. पण मला मूळ दुखणं वेगळं दिसतं. तुझ्या पत्रात सुट्टीच्या प्रत्येक गोष्टीला आकार आहे. किल्ल्याची माती आली, भाजणी दळली, बुकिंग झालं. अभ्यासाला मात्र एकच माप आहे, ‘तीन-तीन तास’. कुठून कुठपर्यंत, काय झालं की उठायचं, काही नाही. ज्याला शेवट दिसत नाही त्या कामापासून मन पळतंच, आणि पळून जायला किल्ला खिडकीखालीच उभा आहे. मन लागलं की बसेन, अशी वाट बघू नकोस. बसल्यावर दहा-बारा मिनिटांनी मन लागतं, आणि त्या दहा मिनिटांत काय करायचं ते आधी ठरलेलं असेल तरच.

म्हणून आधी मोजणी. ४० मिनिटांची एक बैठक धर, मध्ये १० मिनिटं सुट्टी. शनिवारी ५ बैठका, रविवारी ६, सोमवारी पेपर देऊन आल्यावर ४, मंगळवारी ६, बुधवारी पेपरनंतर ३, गुरुवारी ५. झाल्या २९. म्हणजे दिवाळी आणि तुझ्यामध्ये अभ्यासाचे एकूण १९ तास २० मिनिटं आहेत. आजवर तू जे तीन-तीन तास बसून होतीस, त्यातले सहा-सात दिवस म्हणजे एवढंच. एका कोऱ्या कागदावर २९ चौकोन काढ आणि प्रत्येकात बैठकीचं काम लिही. बैठक झाली की चौकोन पेन्सिलीनं भर. बाकी कसलं वेळापत्रक नको. रंगीत पेनांनी वेळापत्रक सजवण्यात एक बैठक कशी जाते हे दहावीच्या सगळ्यांना माहीत आहे.

चौकोनात ‘भूमिती’ असं लिहायचं नाही. ‘वर्तुळ: अंतर्लिखित कोन आणि चक्रीय चौकोन, प्रमेयं न बघता, मग ४ उदाहरणं’ असं लिहायचं. बसल्याबसल्या हात कुठे टाकायचा ते त्यात असलं पाहिजे.

भूमितीच्या वाट्याला शनिवार-रविवारच्या अकरापैकी ९ बैठका दे, उरलेल्या २ विज्ञानाला. समरूपतेला २, पायथागोरसच्या प्रमेयाला २, वर्तुळाला ३, भौमितिक रचनांना १. वर्तुळ मोठं आहे आणि स्पर्शिका-छेदिकेचे गुणधर्म एकमेकांत मिसळतात, म्हणून त्याला जास्त. रचनांची बैठक सर्वांत सोपी आणि हमखास गुणांची: समरूप त्रिकोण आणि वर्तुळाची स्पर्शिका, टोकदार पेन्सिलीनं, कंपासचा स्क्रू घट्ट करून. रचना चुकतात त्या बहुतेक वेळा सैल कंपासमुळे, अज्ञानामुळे नाही. राहिलेल्या एका बैठकीत जुन्या प्रश्नपत्रिकेचे फक्त पहिले दोन प्रश्न घड्याळ लावून सोडव. बोर्डाच्या आराखड्यात ४० पैकी २० गुण तिथेच आहेत: बहुपर्यायी, एकेका गुणाचे, चौकटी भरायच्या कृती आणि दोन गुणांची उदाहरणं. सुट्टीत डोकं गेलेली मुलं तीन-चार गुणांच्या अवघड उदाहरणावर अर्धा तास अडकतात आणि हे वीस गुण घाईत घालवतात. तुमच्या शाळेत सहामाहीला हाच आराखडा आहे ना, एवढं बाईंना विचारून घे.

एक सांगते, थोडं कडक वाटेल. भूमिती वाचून होत नाही, आणि गादीवर पालथं पडून तर नाहीच. तुझं ‘पान सरकत नाही’ ते बहुधा यामुळेच. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं कळतं, कारण प्रत्येक पुढची ओळ समोर असते. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढ, ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ लिही, आणि बघ पहिली ओळ सुचते का. नाही सुचली तर पुस्तक उघडून फक्त तेवढी ओळ बघ, परत मीट.

हे भूमितीपुरतं नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुन्हा न वाचता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहून काढणारे. तुझा विज्ञानाचा पेपर पाच मिनिटांवर नाही, पाच दिवसांवर आहे, आणि बोर्डाची परीक्षा कित्येक महिन्यांवर. वाचून वाचून ‘आलं’ वाटतं, ते फक्त ओळखीचं झालेलं असतं.

विज्ञान भाग २ ला या २, सोमवारच्या ४ आणि मंगळवारच्या ५ अशा ११ बैठका. त्यांतल्या ३-३ सजीवांतील जीवनप्रक्रियेच्या दोन्ही भागांना लागतील, २ आनुवंशिकता व उत्क्रांतीला, पर्यावरणीय व्यवस्थापन आणि हरित ऊर्जेला एकेक, आणि एक बैठक मंगळवारी संध्याकाळी नुसतं आठवून लिहायला. यात पोरांची गफलत ठरावीक ठिकाणी होते. ग्लायकोलायसिस पेशीद्रव्यात, क्रेब्ज चक्र तंतुकणिकेत, हे उलटं होतं. सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनाच्या अवस्था नावानं पाठ असतात आणि आकृतीत ओळखता येत नाहीत. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ला दोन गुण असतात आणि उत्तरात मुद्दा एकच असतो, तोच दोनदा फिरवून लिहिलेला. प्रत्येक कारणाला दोन वेगळे मुद्दे, त्यांना १ आणि २ आकडे घालून, एवढी एक सवय या चार दिवसांत लागली तरी पुष्कळ.

इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर शेवटचा, म्हणून तो सगळ्यात जास्त मार खातो. बुधवारी विज्ञान संपलं की घरभर ‘आता काय, इतिहास तर वाचायचाच आहे’ असं वातावरण होतं. गुरुवारी दुपारी बॅग माळ्यावरून खाली येते, कुणाचे कपडे कुठे यावर चर्चा सुरू होते, आणि इतिहास रात्री नऊला उघडला जातो. त्यामुळे दोन गोष्टी कर. एक, बॅग शुक्रवारी दुपारपर्यंत माळ्यावरच राहील, हे आईकडून आज कबूल करून घे. दोन, बुधवारी सुरुवात राज्यशास्त्रानं कर. आराखड्यात इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण आहेत. राज्यशास्त्राची प्रकरणं छोटी आहेत आणि शेवटाला ठेवली की राहूनच जातात. तीन बैठकांत राज्यशास्त्र हातावेगळं झालं की गुरुवार पूर्ण इतिहासाला. मंगळवारची एक बैठक इतिहासाला यासाठीच ठेवली आहे की बुधवारी पुस्तक पहिल्यांदा उघडल्यासारखं वाटू नये.

आता किल्ला. तो बंद करायचा नाही. खिडकीतून दिसणारा आणि मनाई असलेला किल्ला पुस्तकावर जास्त पसरतो. शिवाय किल्ल्याची काही कामं थांबत नाहीत, काही थांबतात. ती वेगळी कर. उद्या आणि रविवारी संध्याकाळी ७ ते ८ मध्ये रचलेल्या दगडांवर गोणपाट टाकून चिखल लावून घ्या. माती घट्ट मळलेली हवी, पातळ लावली की दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. सोमवारी संध्याकाळी त्या भेगा बुजवायच्या. मंगळवारी हळीव पेरायचं. भिजलं की ते बुळबुळीत होतं आणि उतारावरही चिकटून राहतं, म्हणूनच गड हिरवा करायला तेच वापरतात. दोन-तीन दिवसांत कोंब येतील, शनिवारपर्यंत चांगली हिरवळ दिसेल. मंगळवारनंतर तुझं काम फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, पाच मिनिटांचं. तांब्यानं ओतू नका, माती आणि बी दोन्ही वाहून पायथ्याशी येतात, फवारा वापरा. ही पाच मिनिटं तुझी बैठकांमधली सुट्टी. मोबाईलवरच्या दहा मिनिटांच्या सुट्टीतून परत येणं कठीण असतं, हळिवाला पाणी घालून परत येता येतं. मावळे, तोफा, पायथ्याचं गाव, बुरुजावरचा भगवा, महाराजांचं सिंहासन हे सगळं शुक्रवारी दुपारनंतर. कसब्यातल्या कुंभारवाड्यात किल्ल्याची चित्रं, म्हणजे मातीचे मावळे वगैरे, घ्यायला जायचं असेल तर तेही शुक्रवारीच. आधी गेलीस तर अर्धा दिवस गेला म्हणून समज.

संध्याकाळी खाली आरडाओरडा असतो, एखाद-दुसरा फटाकाही सुरू झालेला असतो. त्या वेळी पाठांतर घेऊन बसू नकोस. जड कामं सकाळी साडेसहा ते नऊमध्ये दोन-तीन बैठकांत काढ, तेव्हा पुणं छान गार आणि शांत असतं. संध्याकाळी हात चालेल असं काम घे: रचना, आकृत्या, जुने प्रश्न लिहून काढणं. हात चालू असला की कान जरा कमी ऐकतात. आणि अभ्यासिकेचा मोह नको. परीक्षेच्या चार दिवस आधी नवी जागा लावून घेण्यातच दोन दिवस जातात. चकल्या तळायच्या दिवशी शेजारच्या काकूंच्या घरी तासभर बसलीस तरी पुरे.

बसल्यावर सुट्टीचे विचार येणारच. त्यांना हाकलत बसण्यापेक्षा शेजारी एक जुनी वही ठेव. ‘गुहागरला कॅमेरा न्यायचा’, ‘मावळे किती’, ‘आत्याला फोन’. आलं की एका ओळीत लिही, परत उदाहरणाकडे. लिहिलं की ते विसरायची भीती जाते आणि मन ते सोडून देतं. पहिल्या दिवशी दहा-बारा ओळी होतील, तिसऱ्या दिवशी दोन. मोबाईल बैठकीच्या वेळी दुसऱ्या खोलीत, आणि घरातल्या ‘कोकण ट्रिप’ ग्रुपवर शुक्रवारपर्यंत तुझं मत कुणी विचारणार नाही एवढं बाबांना सांग. प्रश्नपत्रिका मोबाईलवर बघून सोडवू नकोस, झेरॉक्स काढून आण.

एखादी बैठक बुडेल. पाहुणे येतील, डोकं दुखेल. तेव्हा ती दुसऱ्या दिवशी ‘भरून काढायची’ नाही, नाहीतर रविवारच्या सहाच्या आठ होतात आणि आठ बघून तू सहाही करत नाहीस. बुडालेल्या चौकोनावर काट मार. त्यातलं एकच काम, ज्याला सर्वांत जास्त गुण आहेत ते, पुढच्या बैठकीत ढकल. बाकी गेलं.

तुझ्या आईला दोन शब्द. ‘पेपर नीट गेले नाहीत तर गुहागर रद्द’ असं म्हणू नका. बुकिंग झालेलं आहे हे तिलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. न पाळता येणाऱ्या धमकीनं पुढच्या खऱ्या सूचनेची किंमत कमी होते. त्यापेक्षा ७ ते ८ किल्ल्याचा वेळ तुम्ही स्वतः पाळा. सात वाजता ‘जा आता खाली’ हे तुमच्याकडून आलं, तर आठ वाजता वर ये म्हणताना वाद होणार नाही. फराळ तिच्यापासून लपवायची गरज नाही. फक्त ‘जरा चव बघ गं’ अशी हाक बैठकीच्या मध्ये मारू नका, दहा मिनिटं थांबा.

असंच पत्र सातवी-आठवीच्या काही पालकांकडूनही आलंय. त्यांच्या मुलांसाठी बैठक २० ते २५ मिनिटांची, दिवसाला तीन-चार, यापेक्षा जास्त ताणू नये. ज्यांची परीक्षा आधीच संपली आणि सुट्टी लागेपर्यंत शाळा नुसतीच चालू आहे, त्यांचा प्रश्न उलटा आहे, करायला काहीच नाही असा. हे रिकामे तास फार कामाचे असतात. शिक्षकांना एरवी वेळ नसतो, तेव्हा असतो. अडलेली पाच उदाहरणं कागदावर लिहून न्या, प्रयोगवहीवर राहिलेल्या सह्या घेऊन टाका, तपासलेल्या पेपरात गुण का गेले ते विचारा. सुट्टीनंतर त्याच टेबलापाशी चाळीस जण उभे असतात.

शेवटचं काम शुक्रवारचं, पेपर देऊन घरी आल्यावर, जेवणाआधी २० मिनिटांचं. तिन्ही प्रश्नपत्रिका काढ. जे प्रश्न सोडले किंवा अंदाजानं लिहिले त्यांना खूण कर. मग प्रत्येक विषयाच्या वहीत पुढच्या कोऱ्या पानावर तीन ओळी लिही: कुठे थांबले, काय अडलं, सुट्टीनंतर पहिलं उदाहरण कोणतं. पानाचा कोपरा दुमड. सुट्टी संपल्यावर सर्वांत अवघड असतं ते ‘कुठून सुरू करू’, ते तू आधीच सोडवलेलं असेल. सुट्टीचा गृहपाठ मिळेल तो भाऊबीजेच्या आधीच्या सकाळी तासभर बसून जेवढा होईल तेवढा कर, उरलेला परत आल्यावर. गुहागरला पुस्तकांची पिशवी नेऊ नकोस. ती जशी जाते तशीच परत येते, आणि मधले चार दिवस डिकीतून तुझ्याकडे बघत राहते.

आणि आज रात्री फक्त चौकोन काढून ठेव. उद्याच्या पहिल्या चौकोनात लिही: समरूपता, प्रमाणाचे मूलभूत प्रमेय, न बघता, आकृतीसह. साडेसहाचा गजर.